कमी चालवलेली गाडी इतकी कामं का काढते?

पत्र: माझी पेट्रोल गाडी आठ वर्षांची आहे, पण चालली आहे जेमतेम २६ हजार किलोमीटर. निवृत्त झाल्यापासून ती आठवड्यातून एखाद-दोनदा बाहेर निघते, तीही चार-पाच किलोमीटरपुरती. गेल्या वर्षभरात बॅटरी दोनदा पूर्ण उतरली, त्यात दुसऱ्यांदा उतरली ती तर नवीच घेतलेली होती. मी गाडी स्वच्छ ठेवते. गेल्या वर्षी मुलाने हौसेने पुढच्या काचेला कॅमेरा बसवून दिला. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून हल्ली रोज सकाळी दहा मिनिटं इंजिन नुसतं चालू करून ठेवते. परवा सर्व्हिसिंगला नेली, तर गॅरेजवाल्यांनी यादीच हातात ठेवली: नवी बॅटरी, चारही टायर, ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल, कूलंट, इंजिन फ्लशिंग, इंजेक्टर क्लीनिंग आणि अलाइनमेंट. टायरची नक्षी नव्यासारखी आहे, ब्रेक छान लागतात. ऑइल बदलून दीड वर्ष झालं खरं, पण तेवढ्या काळात दोन हजार किलोमीटरही झाले नाहीत. फ्लशिंग आणि इंजेक्टरचं मला पटलं, कारण गाडी उभी राहून आत कचरा साठत असणार. बाकीचं सगळं एकटी बाई बघून गळ्यात मारताहेत असं वाटतं. मुलगा म्हणतो, विकून टाक. मला गाडी हवी आहे. काय करू?

उत्तर:

ताई, गाडी विकू नका. आणि यादी फाडूही नका. तिच्यात करायची कामं आहेत, तशीच सरळ नाही म्हणायचीही आहेत. पण तुम्हाला जी दोन पटली आहेत ती नाही म्हणायची आहेत, आणि ज्यांचा तुम्हाला संशय येतो त्यातली बहुतेक खरोखरच करायला हवीत.

तुमचा हिशेब किलोमीटरचा आहे. पिस्टन, क्लच, गिअर, बेअरिंग हे भाग चालण्याने झिजतात आणि त्या बाबतीत तुमची गाडी खरंच तरुण आहे. पण रबर, ब्रेक ऑइल, इंजिन थंड ठेवणारं कूलंट आणि बॅटरी यांचं वय तारखेने वाढतं. गाडी रोज धावो की सावलीत उभी राहो, त्यांचं घड्याळ चालूच असतं. म्हणूनच सर्व्हिसच्या वेळापत्रकात ‘दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पुष्कळ चालवणाऱ्यांचे किलोमीटर आधी भरतात. तुमचं कायम वर्षच आधी भरत आलंय आणि तिकडे कुणी बघितलेलं नाही. गॅरेजवाल्यांनी ते एकदम मांडलं, म्हणून यादी इतकी लांब दिसते.

आता बॅटरी. इथे मी गॅरेजशी सहमत नाही. वर्षात दुसरी बॅटरी उतरली म्हणून तिसरी बसवायची, हा उपाय नव्हे. आधी वीज जाते कुठे हे शोधायला हवं. बंद गाडीतही घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर आणि गाडीतले छोटे कॉम्प्युटर थोडी थोडी वीज घेत असतात. धडधाकट गाडीत हा खर्च साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत असतो. आकडा क्षुल्लक वाटतो, पण अहोरात्र चालला तर आठवड्यात तो आठ अँपिअर-तासांच्या वर जातो. लहान गाडीची बॅटरी ३५ ते ४५ अँपिअर-तासांची असते. म्हणजे काहीही बिघाड नसताना, नुसतं उभं राहून आठवड्याला पाचवा हिस्सा रिकामा होतो.

आणि तुमच्या गाडीत कॅमेरा आहे. पत्रात तो तुम्ही सहज जाता जाता सांगितलात, पण माझा पहिला संशय त्याच्यावरच आहे. असे बरेच कॅमेरे गाडी उभी असतानाही चित्रण करतात, त्यासाठी त्यांची वायर थेट बॅटरीकडे नेलेली असते. समजा तो पाव अँपिअर वीज घेत असेल, तर दिवसाला सहा अँपिअर-तास झाले. आठवडाभरात अख्खी बॅटरी संपली! तेव्हा आज रात्री एवढंच करा: गाडी बंद करून कुलूप लावा आणि वीस मिनिटांनी काचेतून डोकावून बघा. कॅमेऱ्याचा दिवा चालू दिसला तर चोर सापडला म्हणायला हरकत नाही. पण काही कॅमेरे उभ्या गाडीत दिवा न लावताच चित्रण करतात, म्हणून मुलाला वायरही विचारून घ्या. ती किल्लीबरोबर बंद होणाऱ्या जोडणीवर घ्यायला सांगा, किंवा उभ्या गाडीतलं चित्रण बंद करायला सांगा. मुलावर रागावू नका, असं पुष्कळ घरांत होतं.

कॅमेरा निर्दोष निघाला तर इलेक्ट्रिशियनला ‘गाडी बंद असताना करंट किती खेचते ते मोजून द्या’ असं सांगा. बॅटरीच्या निगेटिव्ह वायरीत मीटर जोडून हे मोजतात. एक खबरदारी घ्यायला सांगा: आजच्या गाड्यांचे कॉम्प्युटर पूर्ण झोपायला अर्धा तासही घेतात, त्याआधी मोजलं तर आकडा उगाच मोठा येतो. आकडा खरंच मोठा असेल तर एकेक फ्यूज काढून बघायचा. जो फ्यूज काढल्यावर आकडा खाली आला, त्याच्या वाटेवर बिघाड.

राहिली ती आत्ताची बॅटरी. ती दोष नसताना बदनाम झाली असेल, पण तिला इजाही झाली असेल. गाडीची बॅटरी क्षणभर प्रचंड करंट देण्यासाठी बनवलेली असते, पार रिकामी होण्यासाठी नाही. रिकामी पडून राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि तेवढी ताकद कायमची जाते. म्हणून आधी बाहेरच्या चार्जरवर ती रात्रभर पूर्ण चार्ज करून घ्या आणि मग लोड टेस्ट, म्हणजे जोराचा करंट मागून बॅटरीची ताकद तपासणं, करायला सांगा. साधा मीटरही बरंच सांगून जातो. गाडी काही तास उभी असताना १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ च्या आसपास दिसायला हवं. त्यापेक्षा बरंच कमी दिसलं तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा बघावा लागेल. पूर्ण चार्ज होऊनही लोड टेस्टमध्ये नापास झाली, तरच नवी घ्या. गाडीत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय असेल, तर नवी बॅटरी मूळच्याच प्रकारची हवी. साधी चालत नाही.

शेजाऱ्यांचा सल्ला मात्र आजपासून बंद करा. त्यांनी चांगल्या मनानेच सांगितलं असेल, पण रोजची ती दहा मिनिटं गाडीचं नुकसान करताहेत. शिशाची बॅटरी हळूहळू वीज घेते, तिला पूर्ण भरायला काही तास लागतात. दहा मिनिटांत फार थोडं परत मिळतं. दुसरीकडे एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. इंजिन आणि सायलेन्सर चांगले तापले तर ही वाफ बाहेर निघून जाते. दहा मिनिटांच्या उभ्या इंजिनात सायलेन्सर धड तापत नाही. वाफेचं आतच पाणी होतं आणि तो आतून गंजतो. थोडं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्येही उतरतं. तुमचे चार-पाच किलोमीटरचे फेरेही याच जातीचे आहेत: ऑइल तापायच्या आत प्रवास संपतो.

त्याऐवजी आठवड्यातून एकदा, सलग अर्धा-पाऊण तास, मोकळ्या रस्त्यावर बेताच्या वेगाने गाडी चालवा. ऑइल नीट तापायला तेवढा वेळ लागतोच. त्या फेरीत बॅटरीला वीज मिळते, ओल उडून जाते, टायर फिरतात, ब्रेकच्या डिस्कवरचा गंज पुसला जातो आणि टाकीतलं पेट्रोल जुनं होत नाही. निघण्यापूर्वी इंजिन बराच वेळ तापवत बसायची गरज नाही. अर्धा मिनिट पुरे, मग पहिले काही किलोमीटर जोर न लावता चालवा. आणि हे कळकळीने सांगते: बंद शटरच्या आत किंवा तळघरात इंजिन चालू ठेवून कधीही थांबू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते.

टायरबद्दल तुमची तक्रार मला पूर्ण समजते. नक्षी नव्यासारखी दिसत असताना चार टायर टाकून द्यायला कुणाचं मन होईल? पण नक्षी किती झीज झाली ते सांगते, रबर किती म्हातारं झालं ते सांगत नाही. ऊन, उष्णता, हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन यांनी रबर कडक होत जातं. टायरच्या रबरात संरक्षणासाठी मेणासारखी द्रव्यं घातलेली असतात. टायर फिरताना दबतो, ताणला जातो आणि त्यामुळे ती पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीच्या टायरला हे संरक्षण कमी मिळतं. म्हणून कमी चाललेल्या गाडीच्या टायरला भेगा पडलेल्या बऱ्याचदा दिसतात.

टायरचं वय त्याच्या अंगावरच कोरलेलं असतं. बाजूच्या भिंतीवर ‘डॉट’ या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटी चार आकडे असतात. समजा ३५१७ असे आकडे असतील, तर तो टायर २०१७ सालच्या ३५व्या आठवड्यात बनला. हे आकडे कधीकधी फक्त टायरच्या आतल्या बाजूला असतात, तेव्हा चाक वळवून किंवा टॉर्च घेऊन बघावं लागतं. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावेत आणि दहा वर्षांपुढे नक्षी कितीही शाबूत असली तरी वापरू नयेत, असं मोठ्या टायर कंपन्या सांगतात. काही गाडी-उत्पादक तर सहा वर्षांवरच थांबायला सांगतात. तुमचे आठ वर्षांचे आहेत. बाजूच्या भिंतीवर किंवा नक्षीच्या खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगा दिसल्या, कुठे फुगवटा दिसला, तर चारही लगेच बदला. भेगा नसतील तर थोडे महिने काढता येतील, पण तेवढ्या काळात वेगाच्या मोठ्या रस्त्यावर भरल्या गाडीने जाऊ नका. मी तुमच्या जागी असते तर वाट बघितली नसती. चारही टायर मिळून गाडी रस्त्याला जेवढ्या जागेवर टेकते ती चार तळहातांएवढी असते, आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर कडक झालेलं रबर घसरतं. स्टेपनीवरचे आकडेही बघा. ती एकदाही वापरली नसली तरी तिचंही वय आठच आहे, आणि तिच्यातली हवा बहुधा कुणी कधी तपासलेली नसते.

हवा भरताना टायरवर छापलेला सर्वांत मोठा आकडा धरू नका, ती कमाल मर्यादा असते. तुमच्या गाडीचा योग्य आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर किंवा गाडीबरोबरच्या पुस्तकात असतो. मोजायचा टायर थंड असताना. नायट्रोजन भरून घेण्याचा आग्रह झाला तरी बिघडत नाही, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महिन्यातून एकदा हवा तपासणं त्याहून कितीतरी मोलाचं.

ब्रेक ऑइलसाठी तर तुम्ही गॅरेजवाल्यांचे आभार मानायला हवेत. पावसाळ्यात उघड्या मिठाला जसं पाणी सुटतं, तसं हे द्रव्य हवेतली ओल ओढून घेतं, बंद डबीत असलं तरी, वर्षानुवर्षं, थोडी थोडी. आजकाल बहुतेक गाड्यांत असतं ते ‘डॉट ४’ प्रतीचं द्रव्य नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं. पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हाच आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. तुमच्या चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत हे कधी जाणवणारच नाही. म्हणूनच तुम्ही म्हणता ‘ब्रेक छान लागतात’ आणि ते खरंही आहे. जाणवेल ते एखाद्या लांबलचक घाटाच्या उतारावर, गाडीत चार माणसं असताना, सारखा ब्रेक दाबत उतरताना. द्रव्य उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, द्रव दाबला जात नाही पण वाफ दाबली जाते, आणि पाय थेट तळाशी जातो. बहुतेक कंपन्या दर दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात. तुमचं आठ वर्षांत एकदाही बदललं नसेल, तर यादीत हे काम पहिलं. त्याच वेळी ब्रेक पॅडची जाडी मोजून मिलिमीटरमध्ये लिहून द्यायला सांगा. तीनच्या आसपास आली की बदलायची वेळ झाली. पावसात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचे ब्रेक सकाळी पहिल्या एक-दोन वेळा खरखरतात, तो वरवरचा गंज असतो, घाबरू नका. पण आवाज जातच नसेल तर दाखवा. गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकांना अडसर लावा आणि हँडब्रेक सोडा, नाहीतर तो चिकटून बसतो.

इंजिन ऑइल बदला, वर्षातून एकदा तरी. दोन हजार किलोमीटर झाले म्हणून ते नवं राहिलेलं नाही, कारण वर सांगितलेली ओल आणि पेट्रोल त्यातच उतरलेलं आहे. ऑइल भरायच्या झाकणाच्या आत दुधट चिकट थर दिसला तर लगेच धसका घेऊ नका, छोट्या फेऱ्यांच्या गाड्यांत तो ओलीमुळेही येतो. मात्र त्याबरोबर कूलंटची पातळीही उतरत असेल तर तेव्हाच दाखवा. कूलंटही मुदतीने बदलायचं असतं, कारण त्यातली गंजरोधक द्रव्यं संपतात. मुदत पुस्तकात बघा. आठ वर्षं बहुतेकांच्या मुदतीबाहेरच जातात. गरम इंजिनाचं कूलंटचं झाकण मात्र कधी उघडू नका.

आता तुम्हाला पटलेली दोन कामं. इंजिन फ्लशिंग, म्हणजे रसायन घालून इंजिन आतून धुणं, करू नका. ऑइल वेळेवर बदललं तर इंजिन आतून साफ ठेवायचं काम ऑइलच करतं, त्यात तशी द्रव्यं घातलेली असतात. तुमच्या गाडीच्या पुस्तकातल्या वेळापत्रकात फ्लशिंगचं नाव शोधून बघा, बहुधा सापडणार नाही. जुन्या इंजिनात कुठे गाळ बसलाच असेल तर जोरदार रसायनाने तो सुटून ऑइलच्या बारीक वाटांत अडकायचा धोका उलट वाढतो. इंजेक्टर क्लीनिंग, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग साफ करणं, हे खोटं काम नाही, पण ते लक्षणावर करायचं असतं: उभ्या गाडीत इंजिन अडखळतं, थरथरतं, ॲक्सिलरेटर दिल्यावर झटके देतं, किंवा इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. यातलं काही तुमच्या पत्रात नाही.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेणं, टायर बदलल्यावर करून घ्या, आधी नको.

गॅरेजवाले फसवताहेत का, याचं उत्तर यादीवरून देता येत नाही. आठातली पाच-सहा कामं रास्त आहेत, तेव्हा मला तरी ते लबाड वाटत नाहीत. ते तुम्हाला समजावून सांगत नाहीत, ही मात्र खरी उणीव आहे, आणि समजावून मागण्याचा तुमचा हक्क आहे. प्रत्येक कामापुढे ‘मुदत संपली म्हणून, की काही दिसलं म्हणून?’ एवढं विचारा. दिसलं असेल तर दाखवायला सांगा. मोजलं असेल तर आकडा लिहून घ्या. काढलेले भाग परत मागा, चांगला मेकॅनिक त्याचा राग धरत नाही. आणि स्वतः जाताना निदान घेऊन जाऊ नका, लक्षण घेऊन जा. ‘बॅटरी खराब आहे’ म्हटलंत तर ते बॅटरी बदलतील. ‘पाच दिवस उभी राहिली की सेल्फ घेत नाही, धक्का दिल्यावर दिवसभर ठीक असते’ म्हटलंत, तर त्यांना शोधावं लागेल.

मुलाला सांगा की या बिलात बरीचशी कामं मागच्या सात-आठ वर्षांची राहिलेली आहेत, असा खर्च दरवर्षी येणार नाही. टायर पुढची काही वर्षं बघायला नकोत, ब्रेक ऑइल दोन वर्षं नको. जिचं इंजिन अजून निम्मंही झिजलेलं नाही आणि जिची खोड तुम्हाला ठाऊक आहे अशी गाडी विकून अनोळखी जुनी गाडी घेण्यात मला शहाणपण दिसत नाही.

एक काम मात्र त्या यादीत नाही आणि ते तुम्ही स्वतःहून विचारायचं आहे. तुमच्या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह (हवा आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा) यांचा मेळ राखणारा टायमिंग बेल्ट आहे की चेन? चेन असेल तर तिची ठरावीक मुदत बहुधा नसते, विषय मिटला. रबरी बेल्ट असेल तर त्यालाही किलोमीटरबरोबर वर्षांची मुदत असते, ती पुस्तकात बघा. बऱ्याच इंजिनांत हा बेल्ट चालत्या गाडीत तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. तो बेल्ट तुटण्यापूर्वी आवाज करेलच असं नाही, दिवा लावेलच असं नाही. मुदत उलटली असेल, तर ब्रेक ऑइल आणि टायर यांच्याबरोबरच तो बदलून घ्या, आणि फ्लशिंग-इंजेक्टरचे वाचलेले पैसे तिकडे वळवा.